झाकलेलं ताट

साडेपाचला टोल पडला नाही. अजितकुमार आवटीचा हात मात्र सवयीनं थांबला. पंपाच्या पंख्याची कड शाईनं ओढता ओढता पेन कागदापासून बोटभर वर आलं आणि तिथंच हवेत राहिलं. गेली चौदा वर्षं हे असंच चालत आलं होतं. फाटकाशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लालासाहेब लोखंडी कांब मारायचे, त्या आवाजाबरोबर पेन उचललं जायचं, पेनामागून मान वर व्हायची आणि मानेमागून पोटात भूक जागी व्हायची. आणि हे सगळं इतक्या शिस्तीत, की टोल पडतो म्हणून भूक लागते की भूक लागते म्हणून टोल पडतो, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. आज पेन वर होतं, मान वर होती, भूक अर्ध्या वाटेत येऊन घुटमळत होती, आणि बाहेर नुसतं कोडोलीच्या माळावरचं वारं. शेजारच्या टेबलांवरचे दोघे केव्हाच निघून गेले होते. त्यांनी सकाळी लवकर यायचं आणि दुपारी लवकर जायचं ठरवलं होतं. आजपासून तशी मुभाच होती. मुभा अजितकुमारलाही होती, आणि गेल्या आठवड्यात नोटीस लागल्यापासून ती त्याच्या पोटात दुखत होती.

ही मुभा रेगेसाहेबांनी जर्मनीहून आणली होती. कारखान्याच्या पंपांचं तंत्र जर्मनीचं, त्यामुळं वर्षातून एक साहेब तिकडं जाऊन यायचा आणि येताना काहीतरी घेऊन यायचा. एकानं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, एकानं मोजमापाची पेटी आणली होती, एकजण नुसताच पोट बिघडवून आला होता. पर्सोनेल मॅनेजर रेगे यांनी सरकती वेळ आणली. तिकडं म्हणे माणसं आपापल्या सोयीनं कामावर येतात आणि आपापल्या सोयीनं जातात, दिवसाचे तास भरले म्हणजे झालं. त्यानं माणसाच्या मनावरचा ताण उतरतो आणि कामातला हुरूप वाढतो. रेगेसाहेबांनी सगळ्या ऑफिसला कँटीनमध्ये बसवून हे समजावलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण चहा फुकट होता. दोनच वर्षांपूर्वी साऱ्या देशाला वेळेवर या म्हणून दटावलं जात होतं, भिंती रंगल्या होत्या, याच कँटीनमध्ये सगळ्यांनी उभं राहून वक्तशीरपणाची शपथ घेतली होती. तीच माणसं आता कधीही या हे ऐकून तशाच टाळ्या वाजवत होती. ताण म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. तोवर साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो शब्द फक्त मशीनच्या पट्ट्याला लावत.

अजितकुमारनं पेन पुसलं, सायकल काढली आणि फाटकाशी आला. लालासाहेब खुर्ची टाकून रिकाम्या हुकाकडं बघत बसले होते. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दोन लढाया बघितलेले गृहस्थ. पण टोल काढून घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे काही दिसत होतं, ते लढाईत दिसलं नसावं. रुळाचा तुकडा त्यांनी कुणाला भंगारात टाकू दिला नव्हता, तो केबिनमध्ये खुर्चीखाली ठेवला होता. आवटीसायेब अजून हितंच कसं, असं त्यांनी विचारलं. काम होतं, असं अजितकुमार म्हणाला. लालासाहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "कामाचं खरं न्हाई सायेब. आमाला रिटायर केलं तवा पैल्या दिवशी मी पाचला उठून अंगणात उभा ऱ्हायलो. कुणी लाईन लाव म्हणंना, कुणी मोड म्हणंना. मंडळी म्हटली, आवं, च्या घ्या. तवा कुटं सुटलो."

सायकल गोडोलीच्या दिशेनं चालू लागली आणि अजितकुमारच्या मनातलं दुखणं चेनीबरोबर फिरायला लागलं. दुखणं तसं सांगण्यासारखं नव्हतं. तो सांगलीचा जैन. त्याच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. अंधारात अन्नात काय पडेल ते दिसत नाही, दिव्यापाशी किडा-पाखरू येतं, आपल्या घासाबरोबर एखादा जीव जातो. एवढं साधं कारण. लहानपणी त्याला यात काही अवघड वाटलं नव्हतं. सांगलीत सूर्य नदीपलीकडच्या सपाटीवर सावकाश, भाव ठरवत ठरवत खाली उतरायचा. खेळून आलं तरी जेवायला वेळ उरायचा. अवघड झालं ते त्यानं नकाशे काढायचं शिकून साताऱ्यात नोकरी धरल्यावर. साडेपाचचा टोल, मग सायकल, मग गोडोली. गोडोली अजिंक्यताऱ्याच्या पायाशी. तिथला सूर्य आधीच किल्ल्याआड जाऊन बसतो. घरी पोचायला अंधारच. सांगलीला अव्वाला, म्हणजे त्याच्या आईला, हे सांगायला तो गेला तेव्हा ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. नोकरीची वेळच तशी आहे, माझ्या हातात काय आहे, असं तो म्हणाला. अव्वानं सुपातून मान वर केली नाही. तुझ्या हातात न्हाई ना, मग जा, पण ज्या दिवशी माझा अजित दिवसाउजेडी जेवायला लागंल त्या दिवशीच मी गूळ तोंडात घालीन, एवढंच ती म्हणाली आणि पुढचा खडा काढला. गुळाच्या पेठेत ज्यांची अडत, ज्यांच्या भिंतीला नाक लावलं तरी गुळाचा वास, त्या घरातल्या बाईनं गूळ सोडला. थोरला भाऊ वर्धमान तेव्हापासून अजितकुमारकडं असं बघायचा, की जणू त्यानं पेठेतलं एक हक्काचं गिऱ्हाईक तोडलं.

पण खरी गोष्ट अव्वाला ठाऊक नव्हती, आणि अजितकुमारनंही ती कधी स्वतःशी धड शब्दांत उच्चारली नव्हती. खरी गोष्ट अशी, की ते रात्रीचं जेवण त्याला आवडायचं. त्यात चमचमीत काही होतं म्हणून नव्हे. तीच भाकरी, तेच वरण, तीच दोडक्याची भाजी. आवडायचं ते त्रिशलेमुळं. ही त्याची बायको. तिचे वडील बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पाठशाळेत मुलांना धर्म शिकवायचे; ती स्वतः लग्नाआधी लहान मुलांना शिकवायची. करणाऱ्याला जेवढं पाप तेवढंच करवणाऱ्याला, आणि तेवढंच बरं केलंस म्हणणाऱ्याला. कृत, कारित, अनुमोदना. हे ती चिमणी-कावळ्याच्या गोष्टीसारखं बोटांवर मोजून सांगायची. साताऱ्यात आल्यावर पहिल्या रात्री तिनं त्याचं ताट वाढून दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलं आणि स्वतः दाराशी तोंड फिरवून उभी राहिली. बल्ब तिनं मुद्दाम लांबच्या खिळ्याला टांगला होता, पाखरं तिकडं जावीत म्हणून. आठ दिवसांनी ती उभी राहायची ती खाली बसू लागली. महिन्यानं तोंड इकडं केलं. भाजीत काही पडलं का ते बघायला म्हणून. आणि एकदा तोंड इकडं झाल्यावर ते गप्प राहणारं तोंड नव्हतं. तिचं जेवण झालेलं, भांडी घासून पालथी घातलेली, हात रिकामे, पाठ भिंतीला. आणि समोर तोंडात घास असलेला, त्यामुळं मध्येच बोलू न शकणारा नवरा. असा श्रोता उभ्या साताऱ्यात कुणाला मिळाला नसेल. ती दिवसभराचं सगळं सांगायची: शेजारच्या साळूबाईची म्हैस, दळण, चावडीवरची भांडणं, साळूबाई कुणाला काय बोलली आणि मग त्या बाईनं काय तोंड केलं. ती नकला करायची. अजितकुमार सावकाश जेवायचा. भाकरीचा शेवटचा तुकडा तो पाण्याच्या तांब्याकडं बघत उगाच घोळवायचा. जी नवराबायको एका वेळी जेवतात ती एकमेकांशी बोलतात केव्हा, असं त्याला कधीकधी वाटायचं. आणि या सगळ्यात त्याला बोचणी नव्हती. पाप असलंच तर ते कारखान्याचं होतं. कारखान्यानं टोल साडेपाचला ठेवला होता, जर्मन तंत्रज्ञानासकट ते पाप कारखान्यानं सांभाळावं. रेगेसाहेबांनी तो टोल काढला आणि ते चौदा वर्षांचं पाप, सरकत सरकत, अजितकुमारच्या ताटात येऊन पडलं.

म्हणून त्यानं घरी काही सांगितलं नाही. आठवडाभर तो जुन्या वेळेलाच निघायचा आणि जुन्या वेळेलाच यायचा. मोकळ्या ऑफिसात एकटा बसून साडेपाच वाजायची वाट बघणं हे नव्या योजनेतलं एकमेव कष्टाचं काम होतं आणि ते तो मन लावून करत होता. पण साळूबाईचा भाऊ जोतीराम कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता, आणि साळूबाईच्या कानावर गेलेली गोष्ट त्रिशलेच्या कानावर जायला मध्ये फक्त एक कुंपण होतं. एका रात्री ताटावरचं ताट काढता काढता त्रिशला म्हणाली, "तुमच्यात आता कधीबी येऊन कधीबी गेलं तर चालतंय म्हणं."

"चालतंय," अजितकुमार म्हणाला.

त्या रात्री तिच्या सांगण्यातली साळूबाईची म्हैसही कुठं गेली नाही. त्यानं भाकरी मोडली, ती मोडल्याचा आवाज त्याला स्वतःच्या कानात आला. त्रिशला त्याच्याकडं बघत नव्हती, बल्बकडं बघत होती. तिथं एक पाखरू काचेवर आपटत होतं, थांबत होतं, पुन्हा आपटत होतं. आता हे पाप माझं, असं त्याच्या मनात आलं. घास गिळताना पहिल्यांदा त्याला तो घास असल्याचं जाणवलं.

रविवारी दोघं सांगलीला गेली. त्यांचा मुलगा तिथंच अव्वापाशी शिकायला होता आणि दिवस मावळायच्या आत न सांगता जेवत होता. त्याच्याकडं बघून अजितकुमारला उगाच ओशाळं वाटायचं. अव्वाला बातमी त्रिशलेनं सांगितली. तिला ती सांगावीच लागली, कारण अव्वानं सरळ विचारलं, साताऱ्याला नवं काय? वर्धमाननं लगेच दुकानातून ढेपेचा तुकडा आणला. यंदाचा पहिला गूळ, पिवळा, कडेला अजून ओलसर. अव्वानं तो हातात घेतला, हुंगला, आणि परत त्याच्या हातात दिला. ती अडत्याची बायको होती. माल बघितल्याबिगर उचल द्यायची आमच्यात रीत न्हाई, महिनाभर जेवू दे त्याला, मग बघू, असं तिनं सांगितलं. वर्धमान हसला. अजितकुमारही हसला. त्रिशला अव्वाच्या मागं उभी होती, ती हसली की नाही हे त्याला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अजितकुमार भल्या सकाळी कामावर जाऊन साडेचारला फाटकाबाहेर पडू लागला. पहिल्या दिवशीचं ऊन त्याला परक्या गावात आल्यासारखं वाटलं. या वेळी रस्त्यावर कोण असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. दप्तरं फिरवत जाणारी पोरं, पिशव्या घेऊन पेन्शनीच्या गप्पा मारत निघालेले जुने सैनिक, रसवंतीतला बैल. सगळ्यांनी आपल्याकडं वळून बघितलं असं त्याला वाटलं. घराजवळ आल्यावर त्याला हसणं ऐकू आलं. मागच्या परसातून, बाईचं, पोटापासून आलेलं, मधूनच घसरून वर चढणारं हसणं. साळूबाईकडं कुणी पाहुणी आली असेल असं त्यानं धरलं. सायकल भिंतीला लावून तो बोळातून मागं गेला. परसातल्या फरशीवर कोळशानं चल्लस-आठाचा पट आखला होता. एका बाजूला साळूबाई, दुसऱ्या बाजूला त्रिशला, पदर कमरेला खोचलेला, मुठीत फोडलेले चिंचोके, आणि ते घरंगळवत ती साळूबाईला म्हणत होती, "पळ पळ, कुठवर पळशील, आठ पडले की तुझी सोंगटी खाते का न्हाई बघ." हसणारी तीच होती. अजितकुमारनं हे हसणं चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. रात्री ताटासमोर ती हसायची ते वेगळं, सांगण्यातलं हसणं होतं. हे लग्नाआधीचं, त्याच्याही आधीचं होतं.

साळूबाईनं त्याला बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. बया, भावजी आले की, असं म्हणून ती उठली, म्हशीकडं बघायचं राहिलंय म्हणाली आणि कुंपणातून निघून गेली. त्रिशलेनं चिंचोके पदरात बांधले. सोंगट्या होत्या तशाच पटावर राहिल्या. तिच्या तीन घरात पोचलेल्या, चौथी एकाच घराच्या अंतरावर. दोघं जेवायला बसली. जेवताना बोलायचं नाही, असं तिच्या माहेरी होतं, आणि आता पहिल्यांदाच ती दोघं कामाच्या दिवशी एका वेळी जेवत होती, त्यामुळं तो नियमही आपसूक लागू झाला. ऊन खिडकीतून ताटात पडत होतं. भाजीत काही पडलं असतं तर लांबून दिसलं असतं. काही पडलं नाही. अजिंक्यताऱ्याची सावली परसातून आत येऊन उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा भांडीसुद्धा घासून झाली होती. आणि मग संध्याकाळ सुरू झाली.

ती संपेचना. एवढी लांब संध्याकाळ आपल्याच घरात पडून होती हे अजितकुमारला माहीत नव्हतं. दोघं समोरासमोर बसायची, एस. टी. स्टँडवर लागणाऱ्या वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघत बसावं तशी. तो म्हणायचा, मग काय विशेष? ती म्हणायची, काही नाही. खोटं नव्हतं ते. विशेष जे काही घडायचं ते तो घरात नसलेल्या त्या वेळात घडायचं. भावजी घरात म्हणून साळूबाई यायची बंद झाली. साळूबाई नाही म्हणून चावडी नाही, म्हैस नाही, भांडण नाही. रात्री आपण इतकी वर्षं जे कानांनी जेवत आलो ते या परसात शिजायचं, हे त्याला आता कळलं, आणि चुलीवर आपणच पाणी ओतलं आहे हेही कळलं. त्यानं रेडिओ लावून बघितला. बाजारभाव लागले. सांगली, हळद, गूळ. त्रिशलेनं ते शेवटपर्यंत ऐकले.

त्याच आठवड्यांत पुण्याहून एक गृहस्थ आले. नव्या योजनेनं माणसांच्या मनावर काय परिणाम झाला हे ते एकेकाला बोलावून विचारत होते. अजितकुमारला त्यांनी विचारलं, पूर्वीपेक्षा मनावरचा ताण कमी आहे, तेवढाच आहे, की जास्त आहे? अजितकुमारला पाठशाळेची आठवण झाली. तिथंही तीनच उत्तरं असायची. मग त्यांनी विचारलं, वाचलेल्या वेळेत घरी काय करता? जेवतो, असं अजितकुमारनं सांगितलं. गृहस्थ थांबले. आणि पूर्वी? पूर्वीही जेवायचो. गृहस्थांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची होती आणि अजून निम्मं ऑफिस बाकी होतं. समोरच्या माणसावरचाच ताण बघवेना म्हणून अजितकुमारनं सांगितलं, कमी आहे हो, पुष्कळ कमी आहे. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी फाटकाशी त्याला गाठून विचारलं, त्या चष्मेवाल्यानं मला म्हटलं, तुमचं मन कामात लागतंय का. आता मन कुटं लागायचं सायेब, हुकाला? एकेकाळी एक ठोका हाणला की दोनशे माणूस उभं राहायचं. आता येकेक गळत जातंय, खिशाला भोक पडल्यागत.

महिना भरला तेव्हा दोघं पुन्हा सांगलीला गेली. अव्वानं आधी नातवाला जेवायला बसवलं, मग अजितकुमारला, मग त्रिशलेला. दिवस बांधावर हातभर वर होता. सगळ्यांचं झाल्यावर तिनं वर्धमानला हाक मारली. त्यानं गूळ आणला. अव्वानं नखभर तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. घर थांबलं. पेठेतल्या हमालांचे आवाज तेवढे लांबून येत होते. अजितकुमारला वाटलं, आपण चौदा वर्षं या म्हातारीच्या तोंडातून काढून घेतलेली वस्तू आज परत देतो आहोत. आणि त्याला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, लहानपणी खेळून वेळेत घरी आल्यासारखं. अव्वानं डोळे उघडले.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर मला वाटलं हुतं, ह्याच्यापरास गोड असंल."

मग तिनं बाकीचा तुकडा नातवाला दिला, हात धुतला आणि आपला नेम आज पुरा झाला, आता पुढचं ज्याचं त्यानं बघावं, असं कुणाकडंच न बघता सांगितलं. उठता उठता मात्र तिनं त्रिशलेच्या पाठीवर हात ठेवला. ही पोरगी सांगलीला आली की माझं डोकं खायची, साताऱ्याच्या बायकांच्या नकला करून दाखवायची, आता दोन खेपा झाल्या तोंड शिवून बसली हाय, हवापाणी बदललं का काय तुमच्याकडं, असं तिनं विचारलं. त्रिशला म्हणाली, नाही, हवा तीच आहे. अव्वानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं बघितलं, आणि सुपारी कातरायला घेतली.

परतीच्या वाटेवर कऱ्हाडला गाडी थांबली, शेंगा घेतल्या, टरफलं खिडकीबाहेर टाकली. अजितकुमार मनात मांडणी करत होता. अव्वाचा नेम सुटला होता, तिला आता त्याच्या जेवणाशी कर्तव्य नव्हतं. म्हणजे जुन्या वेळेला परत जायला आड काही नव्हतं. एवढंच, की आता आड काहीच नव्हतं. मी मुद्दाम अंधार पडल्यावर जेवणार आहे, कारण मला ते आवडतं, असं पाठशाळेच्या गुरुजींच्या लेकीला सांगायचं तरी कसं? टोल असता तर टोलानं सांगितलं असतं. स्वतंत्र माणसाला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, हा जर्मन लोकांनी लावलेला शोध त्याला उसाच्या फडामागून फड मागं पळत असताना लागला. घरी पोचेपर्यंत ऊन किल्ल्याआड गेलं होतं. वर आकाशात उजेड होता, खाली गोडोलीत नव्हता. दिवस मावळला म्हणायचा की नाही, असा तो सातारचा खास वेळ. सांगलीत अजून घटकाभर तरी दिवस असेल. त्रिशलेनं दार उघडलं, परसातलं दार उघडलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. पटाच्या रेघा धूळ बसून पुसट झाल्या होत्या. अजितकुमार तिच्या मागं उभा राहिला.

"मी काय म्हणते," त्रिशला परसाकडं बघतच म्हणाली, "तुम्ही आपलं पूर्वीसारखं उशिराच येत जावा."

त्याला आधी वाटलं आपणच हे बोललो. मग तो म्हणाला, "आणि पाप?"

तिनं बोटं पुढं केली. पाठशाळेत करायची तशी, एकेक मोजायला. "करणाऱ्याला एक. ते तुमचं. करवणाऱ्याला तेवढंच. ते माझं, आत्ता बोलले ते ऐकलंत की. आणि बरं झालं म्हणणाऱ्याला तेवढंच." तिसरं बोट तिनं जरा वेळ तसंच धरून ठेवलं. मग कुंपणाकडं तोंड करून हाक मारली, "साळूबाई, उद्यापासनं हे परत उशिरा येणार हायत बघा."

कुंपणापलीकडून चुलीच्या धुरातून उत्तर आलं. "लय बरं झालं गं बाई."

त्रिशलेनं तिसरं बोट मिटलं.

रेगेसाहेबांच्या योजनेला त्या वर्षी फार चांगलं यश आलं. सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा ऑफिसातली बहुतेक माणसं आपापल्या सोयीनं नऊला येऊन आपापल्या सोयीनं साडेपाचला जात होती. पुण्याच्या गृहस्थांनी निष्कर्ष काढला, की माणसाला आपली वेळ आपण निवडू दिली तर समाधान वाढतं. आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. अजितकुमारच्या ड्रॉइंगवरच्या रेघा पूर्वीपेक्षा सरळ येऊ लागल्या, असं हेड ड्राफ्ट्समननं दोनदा बोलून दाखवलं. पेन साडेपाचला वर यायचं, मान वर यायची, भूक वेळेवर जागी व्हायची. टोल नव्हता, पण सायकल घेऊन तो फाटकाशी आला की केबिनमधून बारीकसा ठण असा आवाज यायचा. लालासाहेब खुर्चीखालच्या रुळावर बुटाची टाच मारायचे आणि दुसरीकडं बघायचे. चातुर्मासात मात्र अजितकुमार सूर्य बघून घरी यायचा. तेवढे चार महिने त्यानं आपणहून मानले होते, आणि पावसात तसंही परसात खेळता येत नाही.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो असाच गोडोलीच्या चढावर आला. किल्ला काळा झाला होता, घराच्या खिडकीत बल्ब लागला होता, लांबच्या खिळ्यावर, पाखरांसाठी. म्हणजे ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मागच्या बाजूनं चिंचोके फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि त्यावर साळूबाईचं, अगं थांब की, मोजू तरी दे. अजितकुमार सायकलवरून उतरला. उतरताना घंटी वाजू नये म्हणून त्यानं तिच्यावर पंजा धरला. भूक लागली होती, चांगली लागली होती. बोळाच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून, तो उभा राहिला. आत एक डाव अजून बाकी होता, आणि त्याला कुठलीच घाई नव्हती.